दाऊदभाई, त्या सकाळी मी जागा होतो

दाऊदभाई,

सोमवारी मी गावाला निघतोय. निघण्याआधी तुमच्याशी बोलायचं राहिलंय, ते बोलून घेतो. तुम्ही असता तर म्हणाला असता, "मास्तर, सगळा जन्म पोस्टात काढलात आणि स्वतःचं पत्र तेवढं वेळेवर टाकलं नाहीत." बरोबर आहे. उशीर झाला आहे.

आपण व्याही. माझ्या अस्लमला तुमची नाझनीन दिलेली. व्याह्यांनी वर्षाकाठी एकदा भेटावं, एकमेकांना आग्रह करून वाढावं आणि आपापल्या घरी जावं, ही आपल्याकडची रीत. आपल्या नशिबी मात्र सौदीतल्या कतीफमधल्या या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात एकच खोली आली. दोन पलंग, मध्ये एक खिडकी. तुमची बायको गेलेली, माझीही गेलेली. अस्लम सहा वाजता दम्मामला कामावर निघायचा, साडेसहाला नाझनीन शाळेत शिकवायला जायची, नात तिच्याबरोबर. दुपारी तीनपर्यंत घरात आपण दोघे आणि एसीचा आवाज.

पहिले आठ दिवस आपण अगदी व्याह्यांसारखे वागलो. "तुम्ही आधी आंघोळ करा." "छे, छे, तुम्ही आधी." नवव्या दिवशी तुम्ही वैतागून म्हणालात, "मास्तर, असंच चाललं तर आपण दोघेही बिनआंघोळीचे मरू." तेव्हा मी बायको गेल्यानंतर पहिल्यांदा मोकळेपणी हसलो.

मला तुमची ओळख खरं तर त्याच्या कितीतरी आधीची. बाणकोटच्या खाडीच्या तुम्ही त्या बाजूचे, मी या बाजूचा; पण सहा वर्षं मी तुमच्या गावच्या पोस्टात होतो. तुमची सौदीहून आलेली पत्रं तुमच्या पत्नी खदीजाबहेन माझ्याकडे घेऊन यायच्या. त्यांना वाचता येत नव्हतं. मी खिडकीआडून वाचून दाखवायचो आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून ऐकायच्या. प्रत्येक पत्रात पहिल्या ओळीत एकच: मी इथे ठीक आहे, काळजी करू नये. एकदा तुमचं अक्षर फार वेडंवाकडं आलं होतं. मला शंका आली, उजव्या हाताला काहीतरी झालंय. मी ते त्यांना सांगितलं नाही. जे लिहिलं आहे तेवढंच वाचायचं, हा माझा धर्म होता. बऱ्याच वर्षांनी तुम्ही मला ती बोटं दाखवलीत. क्रेनच्या साखळीत सापडलेली, दोन कायमची वाकडी.

बत्तीस वर्षं तुम्ही या किनाऱ्यावरच्या बंदरात क्रेन दुरुस्त केल्यात. समुद्र यार्डाच्या भिंतीपलीकडे होता आणि बत्तीस वर्षांत तुम्ही एकदाही त्यात गळ टाकला नाहीत. ओव्हरटाइम, मग झोप, मग पुन्हा ओव्हरटाइम. इथे राहण्याचा परवाना, इकामा, संपला, साहेबांनी हात मिळवला, तुम्ही फायनल एक्झिट घेऊन कायमचे गावाला गेलात. खदीजाबहेन त्याच्या आदल्याच वर्षी गेलेल्या. एवढं घर बांधलंत, वरच्या मजल्यावर चार खोल्या, आणि रात्री तुम्ही स्वयंपाकघरात झोपायचात, कारण बाकीच्या खोल्यांत आवाज घुमायचा. हे तुम्हीच मला सांगितलंत. मग नाझनीनने जावयाच्या नावावर व्हिजिट व्हिसा काढून तुम्हाला इकडे आणलं. दर तीन महिन्यांनी पुलावरून बहारीनला जायचं, तिकडे चहा प्यायचा आणि नवा शिक्का घेऊन परत यायचं.

गावाहून इथे परत आल्यावर पहिल्याच आठवड्यात तुम्ही दोन गळ विकत आणलेत. एक तुमच्यासाठी, एक माझ्यासाठी. मी म्हणालो, "मला नाही येत." तुम्ही म्हणालात, "तुम्हाला दुपारपर्यंत गप्प बसता येतं ना? मग येतंय."

पहाटे फजरची नमाज झाली की आपण निघायचो. चालत पंधरा मिनिटं, हातात बादली, पिशवीत कोळंबी. ओहोटी असली की कतीफचा किनारा आपल्या खाडीसारखाच लांबवर उघडा पडतो. तिवरं, चिखल, मग पोटरीइतकं पाणी. तुम्ही मला पहिल्यांदा चालायला शिकवलंत. "पाय उचलून टाकू नका, मास्तर. घासत चला. वाळूत पाकट बसलेलं असतं, त्याच्या काट्यावर पाय पडला तर महिनाभर बोंबलाल." या वयात मी चालायला शिकलो आणि मला त्याची लाज वाटली नाही.

मग लेपा. तो वाळूत चपटा पडून राहतो, वाळूच्याच रंगाचा, दोन्ही डोळे वरच्या अंगाला. आमिष तळाला लावून हळूहळू ओढत आणायचं. तो आमिष घेतो तेव्हा झटका बसत नाही, नुसतं जड लागतं, दोरीत ओलं फडकं अडकल्यासारखं. मी लगेच ओढायचो आणि मोकळा गळ वर यायचा. तुम्ही शेजारून न बघताच म्हणायचात, "तार नाही आली, साधं पत्र आहे. सावकाश फोडा." दहापर्यंत आकडे मोजायला लावायचात. मी मोजायचो, सातपर्यंत जेमतेम पोचायचो. पहिला लेपा मला तिसऱ्या आठवड्यात मिळाला. तळहाताएवढा. तुम्ही तो सोडायला लावलात आणि मी दिवसभर फुगून बसलो.

नुवैबीची गोष्ट वेगळी. आपल्या ढोम्याच्या जातीचा मासा, चांदीसारखा, पुढे दोन सुळे. तो उजाडता उजाडता यायचा आणि धाडकन घ्यायचा. पण त्याचं तोंड मऊ, जोर लावला की ओठ फाटून सुटतो. म्हणजे एका माशाला थांबायचं आणि दुसऱ्याला जपून खेचायचं. मला दोन्ही जमत नव्हतं. तुम्हाला दोन्ही जमायचं, वाकड्या बोटांनी.

दाऊदभाई, तुमचे आभार मी कधी मानले नाहीत. व्याह्यांमध्ये ते विचित्र दिसलं असतं. बायको गेल्यावर तीन वर्षं मी सकाळी जाग आली तरी उठत नव्हतो, उठून करायचं काय म्हणून. तुम्ही मला उठायला लावलंत. एवढंच. पण माझ्यासाठी ते फार होतं.

एकदा किनाऱ्यावर गस्तीची गाडी थांबली होती, आठवतं? विशीतला एक पोरगा उतरला, नीट गणवेशातला, आदबशीर. त्याने इकामा मागितला. तुम्ही पासपोर्टची प्रत दाखवलीत आणि अरबीत बरंच काही बोललात. मला त्यातलं बंदर आणि बत्तीस एवढंच कळलं. तो हसला, छातीला हात लावला, काहीतरी बोलला आणि गेला. मी विचारलं, "काय म्हणाला?" तुम्ही म्हणालात, "काही नाही. वारा आहे, सांभाळा म्हणाला." घराच्या जिन्यात आल्यावर तुम्ही थांबलात. "पाहुणे म्हणाला मला," तुम्ही म्हणालात. "चांगल्या मनाने म्हणाला. म्हणाला, काका, तुम्ही आमचे पाहुणे आहात." मग बादली दुसऱ्या हातात घेऊन तुम्ही जिना चढायला लागलात.

त्याच जिन्यात, डिसेंबरात, तुम्हाला पहिल्यांदा दुखलं.

तुम्ही बादली खाली ठेवलीत आणि पायरीवर बसलात. चेहऱ्याला घाम, बाहेर थंडी. म्हणालात ॲसिडिटी आहे. दुसऱ्यांदा पाण्यात असताना दुखलं, जानेवारीत. तुम्ही माझा खांदा इतक्या जोरात धरलात की मला वळ उठला. "छातीवर कोणी गुडघा रोवल्यासारखं होतंय," म्हणालात. वाळूवर येऊन अर्धा तास पडून राहिलात. आणि मग ते बोललात.

"मास्तर, घरी एक शब्द नको."

"दाऊदभाई, हे साधं नाही."

"माहीत आहे मला. नाझनीनला कळलं तर काय होईल, तेही माहीत आहे. ती घाबरेल. अस्लमशी बोलेल. दोघे मिळून ठरवतील की इथे पाहुण्याच्या व्हिसावर दवाखाना करत बसण्यापेक्षा अब्बांनी गावाला जाऊन नीट इलाज करावा. आठ दिवसांत तिकीट हातात. आणि गावाला मी कोणाजवळ जाऊ? त्या चार खोल्यांजवळ?"

मी गप्प बसलो. तुम्ही ते होकार म्हणून धरलंत आणि तो होकारच होता.

मी स्वतःला सांगत आलो की मी तुमच्यासाठी गप्प बसलो. तुम्ही विश्वासाने सांगितलंत, मी पोस्टातला माणूस, दुसऱ्याची गोष्ट पोटात ठेवायची सवय. हे सगळं खरं आहे. पण पूर्ण खरं ते नाही. तुम्ही गावाला गेला असता तर त्या खोलीत मी एकटा उरलो असतो. दुपारी तीनपर्यंत. मला ते नको होतं. तुमच्या छातीतलं दुखणं मी माझ्या सकाळींसाठी झाकून ठेवलं, दाऊदभाई. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय आणि लिहिल्यावर ते जितकं वाईट वाटेल असं वाटलं होतं, त्याहून वाईट दिसतंय.

तिसऱ्यांदा मार्चमध्ये. तुम्ही पाण्यात गुडघ्यांवर बसलात आणि तुमचा गळ वाहून जायला लागला. तुम्हाला धरू की गळ, अशा गडबडीत मी दोन्ही धरले. त्या रात्री मला झोप लागली नाही. बुधवारी सकाळी चहा घेताना मी म्हणालो, "शुक्रवारी सगळे घरी असतील. तुम्ही सांगा, नाहीतर मी सांगेन."

तुम्ही कप खाली ठेवलात. "सांगा. मग दुपारभर या भिंतींशी बोलत बसा."

तुम्ही माझं मन बरोबर ओळखलं होतं, म्हणून मला इतका राग आला. आणि रागात मी ते बोललो जे मी कधी बोलायला नको होतं. "तीस वर्षं बायकोला 'मी ठीक आहे' लिहीत राहिलात," मी म्हणालो. "त्यांना ते वाचून दाखवणारा मी होतो. त्यांचा त्यावर विश्वास नव्हता, दाऊदभाई. पत्र संपलं की त्या विचारायच्या, 'खरंच एवढंच लिहिलंय का?' आता मुलीशीही तेच करा."

तुम्ही कप उचलून सिंकमध्ये ठेवलात. मग अगदी हळू म्हणालात, "ती पत्रं तुमच्याकडे विश्वासाने येत होती, मास्तर."

त्यानंतर दिवसभर आपण बोललो नाही. जेवताना नाझनीनने विचारलं, "तुम्हा दोघांचं काही बिनसलंय का?" तुम्ही म्हणालात, "मास्तरांचा मासा सुटला." ती हसली. मी हसलो नाही.

आता गुरुवार. हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

फजरनंतर मी पुन्हा पलंगावर पडलो होतो, भिंतीकडे तोंड करून. तुम्ही तयारी करत होतात. बादलीच्या कडीचा आवाज आला, मग फ्रिज उघडल्याचा, कोळंबी काढल्याचा. मग तुम्ही दारात येऊन उभे राहिलात. "मास्तर, येताय?"

मी जागा होतो. मी डोळे मिटून श्वास लांब घ्यायला लागलो, झोपलेल्या माणसासारखा. मला वाटलं, दोनदा विचारतील. दोनदा विचारलंत तर उठायचं, असं मी ठरवलं होतं. तुम्ही थोडा वेळ तिथेच उभे होतात. मग "झोपा, झोपा" म्हणालात, अगदी हलक्या आवाजात, आणि दार लावून घेतलंत. तुम्हाला कळलं होतं का, दाऊदभाई? सहा महिने एका खोलीत झोपलेल्या माणसाला दुसऱ्याचा खरा श्वास आणि खोटा श्वास कळत असणार. कळलं असेल तर त्या "झोपा, झोपा"चा अर्थ वेगळा होतो. मी तो अर्थ लावत बसतो. हाती काही लागत नाही.

आठ वाजता तुमच्या नंबरवरून फोन आला. मी चहा टाकला होता, दोन कप. फोनवर तुमचं नाव बघून मला बरं वाटलं, वाटलं राग गेला. पण पलीकडे कोणी अरबीत बोलत होतं. मी "दाऊदभाई, दाऊदभाई" करत राहिलो. मग दुसरा कोणी फोनवर आला, हिंदी बोलणारा, किनाऱ्यावर सफाई करणारा कामगार असावा. त्याने विचारलं, "बड़े भाई, ये आदमी आपके कौन हैं?"

मला हिंदीत व्याह्याला काय म्हणतात ते त्या वेळी आठवेना. मी म्हणालो, "घर के आदमी हैं।" तो गप्प झाला. त्याच्या गप्प होण्यावरून मला कळलं.

मी किनाऱ्यावर पोचलो तेव्हा तुम्ही वाळूवर होतात, पाण्याबाहेर. म्हणजे तुम्हाला बाहेर यायला वेळ मिळाला होता. शेजारी कोणी असता तर त्या वेळात काय झालं असतं, हे मला कोणी सांगू शकत नाही. डॉक्टरांनाही मी विचारलं नाही. बादलीत एक लेपा होता, चांगला मोठा, अजून कल्ले हलवत होता. पोलिसाने ती बादली माझ्या हातात दिली आणि मी ती धरून तुमच्याजवळ उभा राहिलो, अस्लम येईपर्यंत. पुढे त्या माशाचं काय झालं, मला आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी जुम्याच्या नमाजेनंतर तुम्हाला दम्मामच्या कबरस्तानात दफन केलं. अस्लमच्या ऑफिसातली माणसं होती, बिल्डिंगमधले काही केरळचे लोक होते. ज्या शुक्रवारी तुमचं दुखणं सांगायचं मी ठरवलं होतं, त्या शुक्रवारी मी तुमच्यावर तीन मुठी माती टाकली.

नाझनीन मला विचारत राहिली, "बाबा, त्या दिवशी तुम्ही का नाही गेलात?" मी म्हणालो, गुडघा दुखत होता. ती म्हणाली, "अब्बा कधी काही म्हणाले होते का? काही त्रास?" मी म्हणालो, नाही. पाच आठवडे मी नाही म्हणत राहिलो. ती माझ्यासाठी भाकऱ्या मऊ करायची, मला एकटं वाटू नये म्हणून शाळेतून मधल्या सुट्टीत फोन करायची. ते मला सोसेना. एके दिवशी संध्याकाळी ती जेवणाच्या टेबलावर वह्या तपासत होती. मी समोर बसलो आणि दुखण्याचं सगळं सांगितलं.

तिने पेन खाली ठेवलं नाही. "किती वेळा?" तिने विचारलं.

"तीन वेळा."

"पहिल्यांदा कधी?"

"डिसेंबरात."

"आणि का नाही सांगितलंत?"

"त्यांनी शपथ घातली होती." हे खोटं होतं. शपथ तुम्ही घातली नव्हती. "त्यांना वाटायचं, तू त्यांना गावाला पाठवशील."

तिने समोरच्या वहीत एक खूण केली. मग म्हणाली, "मी नसतं पाठवलं. तुम्ही दोघांनी आपापसात ठरवून टाकलंत की मी पाठवीन. मला कोणी विचारलंच नाही." तिचा आवाज चढला नाही. तिने पान उलटलं आणि पुढची वही तपासायला घेतली.

ती तुम्हाला पाठवती की नाही, हे मला माहीत नाही. तिलाही आता कधी कळणार नाही. तुम्ही आणि मी मिळून तिच्याकडून ते काढून घेतलं. तिने चांगुलपणा दाखवायची एक वेळ होती, ती आपण तिला दिलीच नाही.

तेव्हापासून ती माझं सगळं करते. ताट वाढते, गोळ्या काढून ठेवते, कपड्यांना इस्त्री करते. फक्त माझ्याजवळ बसत नाही. अस्लमने विचारलं, "बाबा, व्हिसा वाढवायचा का?" मी नाझनीनकडे पाहिलं. ती भांडी पुसत होती, पुसत राहिली. मी म्हणालो, "नको. गावाला घर बंद आहे, बघायला हवं." अस्लमने तिकीट काढलं.

काल ती माझ्यापाशी आली. म्हणाली, "बाबा, बायकांना तिथे जाऊ देत नाहीत. तुम्ही जाण्याआधी अब्बांच्या कबरीचा एक फोटो काढून आणा." आणि आत गेली.

आज दुपारी अस्लमने मला कबरस्तानाच्या फाटकाशी सोडलं. तो कामाच्या फोनवर होता, गाडीतच थांबला. तुम्हाला ठेवलं त्या दिवशी तुमची जागा रांगेत शेवटची होती, एवढी खूण माझ्याजवळ होती. पण दाऊदभाई, ती रांग केव्हाच पुढे गेली होती. मधल्या दिवसांत कितीतरी लोक आले. सगळ्या कबरी सारख्या, मातीचा उंचवटा आणि डोक्याशी नुसता दगड, नाव नाही. मी फाटकापासून मोजत गेलो, मग भिंतीपासून मोजत आलो. दोन कबरींपर्यंत आलो, शेजारी शेजारी. त्यापुढे मला ठरवता येईना. मी माफी मागायला आलो होतो. भलत्याच माणसाची मागितली जाईल, या विचाराने तोंडून शब्द फुटेना. दोन्हींच्या मध्ये उभं राहून फातिहा पढलो. मग डावीकडच्या कबरीचा फोटो काढला.

घरी येऊन फोन नाझनीनच्या हातात दिला. ती सोफ्यावर माझ्या शेजारी बसली. फोटो मोठा करून तिने तो दगड पाहिला, माती पाहिली, पुन्हा दगड पाहिला. तिचा अंगठा त्या दगडावर थांबून राहिला.

"हीच ना, बाबा?" तिने विचारलं. कितीतरी दिवसांनी ती माझ्या डोळ्यांत बघत होती.

"हीच," मी म्हणालो.